गंधाखाली गेलेला माणूस

देवासहून धारला जाणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. सकाळी निघालं की आधी इंदूर, मग दुसरी बस, आणि जेवायच्या वेळेला धार. लोक तिथं लग्न लावून येतात आणि संध्याकाळी घरी दूध तापवतात. मी मात्र अठ्ठावन्न वर्षांत गेले नव्हते. गेले ती एका माणसाचं तोंड बघायला, आणि तो माणूस वारून कितीतरी वर्षं झाली.

नातवाच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर हे लिहितेय. कोणाला दाखवायचं नाही. पण धार न पाहिलेलं कोणीतरी समोर बसलंय असं धरून लिहिते, म्हणजे भरकटत नाही.

निघण्याआधी

भाद्रपदाच्या सुरुवातीला सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू निघाला आणि आमच्या घराची अब्रू गेली. त्यांना पंख्यावरची धूळ दिसायला लागली. तुळशीच्या वृंदावनाचा रंग उडालाय, फोडणीतली मोहरी जळते, पडद्याला आतून ठिगळ आहे, सगळं दिसायला लागलं. मुलाला म्हणजे आमच्या ह्यांना त्यांनी जवळ बोलावून नीट बघितलं आणि विचारलं, तू एवढा म्हातारा केव्हा झालास. हे दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

मग पितृपक्ष लागला आणि पेटी उघडली.

आमच्याकडे एक लाकडी पेटी आहे. तीत एक जुनं फोटोचं पोस्टकार्ड आहे. संस्थानाच्या काळचं, धारच्या संग्रहालयाच्या इमारतीचं. मोठ्या कमानी, वर छत्र्या, खाली इंग्रजीत एक ओळ, आणि दारातल्या पायरीवर बोटाच्या पेराएवढा एक माणूस. ते माझे पणजेसासरे, म्हणजे सासूबाईंचे आजेसासरे. त्यांचा दुसरा फोटो नाही. घरात त्यांना कारभारी आजोबा म्हणतात, कारण ते त्या संग्रहालयाचे कारभारी होते असं सगळे सांगतात. पितृपक्षात कार्ड बाहेर काढायचं, घरातल्या मोठ्या सुनेनं त्या माणसाला अष्टगंध लावायचं, फूल वाहायचं, आणि सर्वपित्रीला ओल्या फडक्यानं पुसून कार्ड परत ठेवायचं. काच बसवायची नाही. काचेवर लावलेलं गंध काचेलाच पोचतं, असं सासूबाईंच्या सासूबाईंचं म्हणणं होतं.

सासूबाई पासष्ट वर्षांहून जास्त हे करत आल्या. तोंड धूसर दिसायचं, पण त्यांना वाटायचं आपले डोळे गेलेत. आता नवे डोळे घेऊन त्यांनी कार्ड उजेडात धरलं. पायरीवर पाय होते. धोतर होतं. छातीच्या वर फक्त एक केशरी डाग होता, आणि मधोमध कागद झिजून पांढरा पडला होता.

त्यांनी कार्ड पेटीत ठेवलं, झाकण लावलं. "मीच पुसलं त्यांना," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर गंध नाही, पूजा नाही. देवघराच्या दाराशी बसायच्या, पण आत जायच्या नाहीत. ज्या हातांनी घरचा माणूस पुसला त्यांनी देवाला शिवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाईंनीही तेच केलं होतं हे आम्ही समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या होत्या तोवर त्यांनी नुसतं लावलं, पुसायचं तेव्हाही माझ्याकडेच होतं.

सर्वपित्री चार दिवसांवर आली तेव्हा इंदूरहून माझी नणंद आली, बेबीवन्सं. बेबीवन्सं साठीच्या आहेत आणि जगात कोणालाही काहीही विचारू शकतात. मला दुकानदाराला सुटे मागायचे तरी आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, पोस्टकार्ड काय एकच छापतात का, धारला आणखी असणार, आणून देऊ. आणि आईला सांगायचं नाही, कारण नाही मिळालं तर पुन्हा रडारड. त्यांनी पेटीतलं कार्ड काढून फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या पोळ्यांच्या डब्यात ठेवलं. वजन लागावं म्हणून पेटीत कोणाच्या तरी मुंजीची पत्रिका घातली. सासूबाईंना सांगितलं की वन्संच्या सासरकडे कोणी आजारी आहे, बघून येतो. कोण आजारी, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी आणि वन्सं एकदमच बोललो, आणि दोघींनी दोन वेगळी माणसं आजारी पाडली.

इंदूर, सोमवार

देवास ते इंदूर रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. इंदूरला बस बदलायची होती. वन्संचा सोमवारचा उपास, म्हणून आधी साबुदाण्याची खिचडी. आपल्याकडे खिचडी म्हणजे दाण्याचं कूट, जिरं, मिरची, झालं. इंदूरला ती वाफेवर फुलवतात आणि वर फराळी चिवडा, लिंबू आणि आणखी काय काय भुरभुरवतात. खिचडी खाली राहते आणि वरचंच खाऊन पोट भरतं. वन्संनी दोन प्लेटा खाल्ल्या. उपास आहे, दिवसभर काढायचा आहे, म्हणाल्या. माझा उपास नव्हता, त्यामुळे मला एकच.

धारच्या बसमध्ये वन्संना खिडकी हवी होती. तिथं एक बाई आधीच बसल्या होत्या. वन्संनी त्यांना सांगितलं की माझ्या वहिनीला बस लागते, केव्हाही उलटी होईल. बाई ताबडतोब उठल्या. मला बस लागत नाही, पण मी तोंड शक्य तेवढं वाईट करून बसले. खिडकीत वन्सं बसल्या.

बाहेर सगळं हिरवं होतं. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, मधूनच मका उंच, आणि कडेला काळी माती पाणी पिऊन फुगलेली. पुढं जमीन वरखाली व्हायला लागते, टेकड्या येतात. आपल्या देवासला एकच टेकडी आणि तिच्यावर देवी, त्यामुळे टेकडी दिसली की माझे हात आपोआप जोडले जातात. धारच्या रस्त्यावर मी किती टेकड्यांना नमस्कार केला ते नंतर माझ्या लक्षात आलं.

धार, त्याच दुपारी

धारमध्ये तळी फार. रिक्षावाला म्हणाला, साडेबारा तालाब हैं. वन्संनी विचारलं, भिया, आधा कौनसा? तो म्हणाला की ज्याला वेळ असतो तो शोधतो, सवारीवाल्याला कुठं वेळ. मग त्यानं आम्हाला त्या इमारतीसमोर उतरवलं.

कार्डावरची इमारत समोर खरीच उभी असलेली बघून मला जरा धसका बसला. कमानी त्याच, छत्र्या त्याच. ती पायरीसुद्धा होती, आणि तिच्यावर एक कुत्रं झोपलं होतं. दाराला कुलूप. फाटकावरच्या रखवालदारानं सांगितलं, सोमवारी बंद असतं. सोमवार म्हणजे उपास एवढंच आम्हाला ठाऊक. सोमवारी संग्रहालयं बंद असतात हे दोघींना माहीत नव्हतं, आणि ज्यांना विचारायला हवं होतं त्या आमच्या ह्यांना आम्ही खरं सांगून निघालो नव्हतो.

वन्संनी डबा उघडून कार्ड त्याच्यापुढं धरलं. त्यानं ते निरखलं, इमारतीकडे बघितलं, पुन्हा कार्डाकडे बघितलं.

"यहाँ आग कब लगी थी?" त्यानं विचारलं.

वन्सं म्हणाल्या की ती आग नाही, आमचे पणजोबा आहेत. तो बिचारा हात जोडून दोन पावलं मागं सरला. मी तोंडावर पदर घेतला. त्याला वाटलं मला रडू आलं, म्हणून त्यानं स्वतःची खुर्ची मला दिली.

कार्डं इथं मिळत नाहीत, तो म्हणाला. पण तळ्यामागं एक मास्टरसाहब राहतात, शाळेत चित्रकला शिकवायचे, मराठीच आहेत. त्यांच्याकडे असल्या कार्डांचे डबेच्या डबे आहेत. मात्र सकाळीच भेटतात, दुपारनंतर देव आला तरी दार उघडत नाहीत.

म्हणजे मुक्काम आला. धर्मशाळेत खोली मिळाली. उरलेल्या वेळात लाट बघितली. लोखंडाचा एक प्रचंड खांब, तीन तुकडे होऊन पडलाय. शेकडो वर्षं उन्हापावसात आहे, तरी म्हणण्यासारखा गंज नाही. माझा तवा दोन दिवस ओला राहिला तर त्याच्यावर नकाशे उमटतात. वन्सं म्हणाल्या की तेव्हाचे लोक तवे घासत नसतील, म्हणून टिकलं. संध्याकाळी मक्याचा कीस खाल्ला. आपल्याकडे त्यात दूध जास्त घालतात, इथं मिरची जास्त होती. मला हाच आवडला. घरी कबूल करणार नाही.

धार, मंगळवार

मास्तरांचं घर लहान, पुढं झेंडू. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. मास्तर सत्तरीपुढचे, बारीक, नाकावर दोन चष्मे, एकावर एक. आम्ही देवासहून आलो म्हटल्यावर पहिला प्रश्न तोच, जो आम्हाला सगळीकडे विचारतात. थोरल्या पातीचे की धाकट्या? देवासला एके काळी दोन राजे होते, अर्धं गाव ह्याचं, अर्धं त्याचं, आणि राजे गेले तरी लोकांना ती चेष्टा पुरते. वन्संनी सांगितलं, माहेर थोरल्या पातीचं, पण भाजी धाकट्या पातीतून आणतो, तिथं स्वस्त मिळते. मास्तर खूश झाले आणि चहा आला.

मास्तरांचा नाद असा की ते फक्त संग्रहालयांच्या इमारतींची जुनी पोस्टकार्डं जमवतात. देवळांची नाहीत, राजवाड्यांची नाहीत. बडोदा, नागपूर, जयपूर, लखनौ, कुठली कुठली. बिस्किटांच्या डब्यांत, मधे पातळ कागद घालून. त्यांच्या पत्नी चहा देता देता म्हणाल्या, आणि जन्मात एकदाही संग्रहालयाच्या आत गेलेले नाहीत. मास्तरांनी मान हलवली. आत नुसते फुटके हात-पाय असतात, म्हणाले, मी बाहेरून बघतो.

आम्ही आमचं कार्ड दाखवलं. त्यांनी एक चष्मा काढला, भिंग घेतलं, आणि बराच वेळ आमच्या डागाकडे बघत राहिले. मग उठून एक डबा आणला आणि तसंच दुसरं कार्ड आमच्यासमोर ठेवलं. कोरं, स्वच्छ.

दारातल्या पायरीवर माणूस होता. डोक्याला पागोटं, आणि पागोट्याच्या दोन्ही बाजूंना दोन कान, पागोट्यात न मावलेले. अंग खांबाला टेकलेलं आणि एक पाऊल दुसऱ्या पावलावर ठेवलेलं. वन्संनी माझा हात दाबला. आमचे हे दात घासताना अगदी असेच उभे राहतात. वन्संचे कान त्या केसांनी का झाकतात हेही मला तेव्हा कळलं.

मला इतका आनंद झाला की मास्तर पुढं काय करताहेत ते मी बघितलंच नाही. ते हसत होते. त्यांनी डब्यातून आणखी कार्डं काढली आणि पत्ते मांडावेत तशी एका ओळीत मांडली. ही नागपूरची इमारत. ही बडोद्याची. ही जयपूरची. आणखी एक होती, तिचं गाव मी विसरले. प्रत्येकीच्या पायरीवर तोच माणूस. तेच कान, पावलावर पाऊल.

"हा कुठल्याच संग्रहालयाचा कारभारी नव्हे, वहिनी," मास्तर म्हणाले. "हा फोटोवाल्याचा माणूस."

त्यांनी समजावलं. इमारत किती उंच ते कळायला शेजारी माणूस लागतो. म्हणून फोटोवाले जाताना सोबतचाच माणूस उभा करायचे, जो कॅमेऱ्याची तिवई आणि पेटी डोक्यावरून वाहायचा. मास्तरांनी ह्याला कित्येक वर्षांपूर्वीच ओळखलं होतं, नाव फक्त ठाऊक नव्हतं. ते त्याला कानवाले म्हणत.

वन्सं गप्प झाल्या. हे मी त्यांच्या बाबतीत प्रथमच बघत होते. कारभारी आजोबांच्या जोरावर त्यांचं लग्न जमलं होतं, आणि नंतर सासरी त्या जोरावर त्या चाळीस वर्षं बोलल्या होत्या. मला मात्र, खरं लिहिते, आतून गुदगुल्या होत होत्या. घरात सांगायचे की कारभारी आजोबा अधूनमधून काशीला जात आणि महिनोन् महिने येत नसत, फार धार्मिक. काशीचं कार्ड तेवढं त्या ओळीत नव्हतं.

वन्सं लवकरच सावरल्या आणि धारच्या कार्डाची मागणी केली. मास्तर म्हणाले, मिळणार नाही, एकच आहे. पण अदलाबदल करीन. तुमचं द्या. स्वच्छ कार्डं पुष्कळांकडे असतात, गंध लावलेलं संग्रहालय मी जन्मात पाहिलं नाही. वन्संनी डबा पुढं सरकवलासुद्धा.

मी डब्यावर हात ठेवला. वाक्य जुळवायला वेळ नव्हता, म्हणून न जुळवताच बोलले.

"मास्तर, हे देता येणार नाही. ह्याच्यावर आमच्या दोन सासवांची बोटं आहेत. घरी एक म्हातारी बारा दिवस देवापाशी गेलेली नाही, म्हणते मी सासऱ्यांना पुसलं. तुमच्याकडे ते पाच ठिकाणी उभे आहेत. आम्हाला एका ठिकाणचे द्या."

एवढं मी परक्या पुरुषाशी कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर मी चहाची रिकामी कपबशी उचलून प्यायले. मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या, द्या हो, आत तर तुम्ही जातच नाही, एक बाहेरून कमी बघा. मास्तर पुष्कळ वेळ कार्डांवर हात फिरवत राहिले. धारचं मागू नका, म्हणाले, मी धारला राहतो. मग जयपूरचं उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं. त्यात तोंड सगळ्यात जवळ आहे, म्हणाले.

खरंच जवळ होतं. उन्हानं एक डोळा मिटलेला, आणि माणूस हसत होता. त्या काळच्या फोटोंत लोक फाशी जाताना बसावेत तसे बसलेले असतात. हे हसत होते.

परतीच्या बसमध्ये वन्संनी मला बजावलं. आईला म्हणायचं, धारचंच आहे, इमारत दुसऱ्या बाजूनं घेतलीय. फोटोवाल्याचं नाव काढायचं नाही. तू तर बोलतच नाहीस, तुझ्याकडून काही फुटायचं नाही. मी मान हलवली. खिडकीत ह्या वेळी मी बसले. वन्संना बस लागते असं मी शेजारच्या बाईंना सांगितलं होतं.

देवास, सर्वपित्री

सकाळी स्वयंपाक झाला. सासूबाई देवघराच्या दाराशी बसल्या होत्या. मी जयपूरचं कार्ड त्यांच्या मांडीवर ठेवलं. वन्सं माझ्या मागं उभ्या राहून माझ्या पाठीला बोट टोचत होत्या, गप्प राहा म्हणून.

सासूबाईंनी कार्ड उजेडाकडे धरलं. नव्या डोळ्यांनी ते वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्यांनी एकाएकी डोक्यावरून पदर ओढला, कपाळापर्यंत. शहाऐंशी वर्षांच्या बाईला मी तसं लाजताना बघितलं नव्हतं. इतकी वर्षं ज्यांना बोट लावलं त्यांनी सासूबाईंकडे आज पहिल्यांदा बघितलं होतं, आणि तेही एक डोळा मिटून.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ही इमारत आपली नाही. हे कुठं उभे आहेत?"

वन्सं म्हणाल्या, दुसऱ्या बाजूनं घेतलाय, आई. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी मला विचारलं होतं. मी खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण त्या डोळ्यांना आता ठिगळंसुद्धा दिसत होती. मी सगळं सांगितलं. कारभारी नव्हते, फोटोवाल्याची पेटी वाहायचे. जयपूर, नागपूर, बडोदा, सगळीकडे उभे आहेत. तुम्ही एका ठिकाणी पुसले, बाकी सगळीकडे शाबूत आहेत.

वन्संनी डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी हळूच पदराआडून विचारलं, "म्हणजे काशीला गेलेच नाहीत?"

मी म्हटलं, तसं दिसत नाही.

त्या हसायला लागल्या. खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरांनी डोळ्यांना पाणी लावू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे आम्ही दोघी घाबरून रुमाल घेऊन धावलो. सासूबाई म्हणाल्या की त्यांच्या आजेसासूबाई दर वेळी आजोबा काशीहून येण्याची वाट बघत गंगापूजनाची तयारी करायच्या, असं त्यांनी सासूबाईंकडून ऐकलं होतं. मग त्या उठल्या, हात धुतले आणि देवघरात गेल्या. दोन आठवड्यांनी.

सहाणेवर गंध उगाळून झालं. मी जुनं कार्ड पुढं केलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं. नवं समोर मांडलं. बोटाला गंध घेतलं, बोट तोंडापाशी नेलं आणि थांबल्या.

सुना सासऱ्यांच्या तोंडाला हात लावतात होय, म्हणाल्या. तोंड दिसत नव्हतं म्हणून चाललं. आणि त्यांनी गंध पावलांवर लावलं, त्या एकमेकांवर ठेवलेल्या दोन पावलांवर, अगदी नीट.

वन्संना राहवलं नाही. म्हणाल्या, आई, असं दर वर्षी लावून पुसलंस तर पन्नास वर्षांत त्यांचे पाय जातील.

"जाऊ देत," सासूबाई फूल वाहता वाहता म्हणाल्या. "घरी तरी बसतील."